बिऱ्हाड निघतं तेव्हा

‘‘मम्मा, अजून किती घरं राहिलीत?’’ पुतणीच्या धाकट्याने पोह्यांची बशी मांडीवर धरून, आमच्यादेखत, खणखणीत आवाजात विचारलं. पुतणीने डोळे वटारले. जावई खिडकीबाहेर बघू लागले. मी हसलो, पण ते ‘घरं’ मला टोचलं. म्हणजे आम्ही काका-काकू नाही, यादीतलं एक घर. टिक करायचं आणि पुढे निघायचं.

जावई लष्करात लेफ्टनंट कर्नल. मॉस्कोच्या आपल्या वकिलातीत, डिफेन्स विंगमध्ये, तीन वर्षांसाठी बदली झालेली. वार्षिक रजेतले उरलेसुरले दिवस काढून सगळं कुटुंब निरोपाच्या भेटींना बाहेर पडलं होतं: सातारा, कराड, कोल्हापूर, शेवटी पुणे. आमच्या वाट्याला पाऊण तास आला. त्यात चहा, पोहे, नमस्कार, ओटी, सोफ्यावर दाटीवाटीने बसून फोटो, आणि ‘‘तिकडे थंडी फार असेल ना?’’ हा प्रश्न. तो आधीच्या प्रत्येक घरात विचारून झाला असणार, कारण जावयांचं उत्तर तोंडपाठ होतं.

सैनिकाच्या कुटुंबाचा त्याग, पत्नीचं धैर्य, मुलांच्या सारख्या बदलणाऱ्या शाळा यांवर आपण दर पंधरा ऑगस्टला पुरेसं बोलतो. ते इथे उगाळत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. हेच जावई काही वर्षांपूर्वी तवांगला होते. तेव्हा सेला खिंडीत बर्फ पडलं की रस्ता बंद व्हायचा, सीमेपलीकडे चिनी चौक्या. त्याआधी काश्मीरमध्ये होते, तिथे तर काय प्रकार असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. या दोन्ही वेळी जाताना ते कुणाकडे निरोप घ्यायला आल्याचं मला आठवत नाही. एक फोन यायचा, ‘‘काका, फील्डला चाललोय, आशीर्वाद असू द्या,’’ की झालं. आणि आता जिथे हिवाळ्यात सर्दीपलीकडे काही व्हायचं नाही, तिथे जाताना चार गावांतल्या एकूण एक घरांचे उंबरे झिजवायचे?

हे कोडं मी आमच्या साडूंपुढे ठेवलं. साडू बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण ताळेबंद मांडायची सवय सुटलेली नाही. ते म्हणाले, ‘‘कोडं कसलं? परदेश म्हटलं की आपल्या लोकांना कौतुक. तवांगला काय सांगायचं? मॉस्को सांगता येतं.’’ पुढचं त्यांचं म्हणणं असं की या भेटी पूर्णपणे निरुपयोगी आहेत. मॉस्को आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे. व्हिडिओ कॉल फुकट. तवांगहून साताऱ्याला यायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात मॉस्कोहून येता येईल. शिवाय नोकरीवरचा माणूस मुदत संपली की परत येतोच, सरकारच आणतं. निरोप द्यायचाच तर अमेरिकेला जाणाऱ्या आयटीवाल्यांना द्या. ते परत येत नाहीत, आणि त्यांना आपण विमानतळावर टाटा करून सोडतो.

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे हे मान्य करायला हवं. पण कौतुकाचं म्हणाल तर या पुतणीला मी लहानपणापासून ओळखतो. मिरवायला तिने एवढा पेट्रोलचा खर्च केला नसता. इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला असता, काम भागलं असतं. साडूंचा हिशेब चुकतो तो निराळ्या जागी. जाणाऱ्याचं अंतर आणि जाणाऱ्याचा धोका, या दोनच रकाने त्यांनी आखलेत.

माणूस निघणं वेगळं आणि बिऱ्हाड निघणं वेगळं, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आलंय. माणूस निघतो तेव्हा त्याची जागा मागे राहते. चूल, गोठा, खुंटीवरचा सदरा, देवघरातला दिवा आणि हे सगळं सांभाळणारं कुणीतरी. बिऱ्हाड निघतं तेव्हा जागाच उठते.

आपल्या भागातून शिपाई परमुलखात जाणं काही नवं नाही. सातारा शहराजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. १९१४ च्या ऑक्टोबरात पूना ब्रिगेड मुंबई बंदरातून इराणच्या आखाताकडे निघाली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. पुढे मेसोपोटेमियात १०३ वी आणि ११० वी मराठाही लढल्या. या तिन्ही पलटणी कूट अल-अमारा इथल्या वेढ्यात अडकल्या. तो वेढा १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे सव्वाशेहून जास्त दिवस चालला. जरा विषयांतर होतंय, पण या वेढ्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आत धान्य होतं, पण पिठाची पंचाईत. तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. तेव्हाची ती कापडी पंखांची, खिळखिळी विमानं. जातं विमानातून पडताना बघणारा सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई काय म्हणाला असेल? त्याच्या घरी पहाटे त्याची आई किंवा बायको असल्याच दगडावर दळत बसलेली. पुढे घोडे मारून खायची वेळ आली, पण बऱ्याच हिंदी शिपायांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते मांस तोंडी लावलं नाही. धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या. ताटात काय पडतं आहे, ते गावाला कळलं तर काय होईल, ही धास्ती उपासमारीपेक्षा मोठी ठरली. गाव डोक्यातून निघत नव्हतं, कारण गावातली जागा शाबूत होती.

तो माणूस निघण्याचा काळ. मुंबईच्या गोदीत बोटीवर चढलेला शिपाई एकटा होता. धोका त्याला होता, म्हणून निरोप त्याला. औक्षण त्याचं, हातावर दही त्याच्या, देवीला नवस त्याच्यासाठी. मागे राहिलेले सुरक्षित होते असं नाही; प्लेग होता, मग १९१८ ची मोठी साथ आली. पण मागे कुणी गेलं, तर त्याचं करायला घर होतं. मुलगा कूटमध्ये असताना म्हातारी गेली तरी सून होती, पुतणे होते, भावकी होती. ती खबर मुलाला महिन्यांनी पोचली असेल, किंवा पोचली नसेल. पण इकडचं काही अडलं नाही.

जावई तवांगला होते तेव्हाही चित्र तेच होतं. बायको-मुलं पुण्यात, लष्करी क्वार्टरमध्ये. त्या काळात आमच्या थोरल्या वहिनी गेल्या तेव्हा पुतणी रातोरात आली. स्वयंपाकघर तिनेच हाती घेतलं, बाराव्यापर्यंत राहिली. घराच्या वतीने ती होती. निरोप घेण्यासारखं काही नव्हतं, कारण कुणी निघालंच नव्हतं. फक्त एक माणूस कामावर गेला होता.

आता मात्र काळ्या ट्रंका भरल्या गेल्यात. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि युनिट लिहिलेल्या त्या ट्रंका आमच्याकडच्या मुलांना नेहमी भारी वाटतात. जावयांनी एकदा दाखवलं होतं, जुन्या युनिटचं नाव खरवडून नवं लिहिलेल्या जागी रंग इतका जाड झालाय की बोटाला खाच लागते. मुलांचे दाखले निघालेत. धाकटा एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाणार, फरक एवढाच की दुसरं मॉस्कोत आहे. १९६३ साली पलटणींच्या शाळा ताब्यात घेऊन सुरू झालेल्या या साखळीची परदेशात तीनच ठिकाणं: काठमांडू, तेहरान आणि मॉस्को. म्हणजे पोराचा अभ्यासक्रम तोच, गणवेशही बहुधा तोच, बदलणार फक्त बाहेरचं हवामान. त्याच्या ‘किती घरं राहिलीत’ची चीड मला त्या दिवशी आली खरी, पण ज्या मुलाने दर दोन-अडीच वर्षांनी अख्खी गल्ली, वर्ग आणि क्रिकेटची टीम सोडली आहे, त्याला निघायचं म्हणजे आधी मोजायचं हे कळलेलं आहे. आम्हा एकाच गल्लीत केस पांढरे झालेल्यांना ते उद्धट वाटतं.

मोजणी काय होती, ते मला पुण्याला गेलो तेव्हा अचानक दिसलं. पुतणीच्या फ्रिजवर चुंबकाने अडकवलेला शाळेच्या जुन्या परिपत्रकाचा एक कागद, त्याच्या पाठीमागे नावं. मी समजत होतो गावांच्या क्रमाने असतील, सोयीने. तशी नव्हती. पहिलं नाव आमच्या अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, पुढे कंसात ‘डायलिसिस, मंगळ-शुक्र सोडून’. मग कोल्हापूरच्या मामंजींचं, ‘दुपारी झोपतात’. तिसरे आम्ही. कंसात काही नव्हतं, पण तिसरे! साडू कितीतरी खाली, चुलतभाऊ-बहिणींच्या आसपास. वय आणि प्रकृती यांच्या हिशेबाने लावलेली ती यादी होती. कुणाला पुन्हा भेटणं नक्की आहे आणि कुणाला नाही, याचा पुतणीने मनाशी केलेला अंदाज. माझी अँजिओप्लास्टी तिने लक्षात ठेवली होती.

थोडं बरं नाही वाटलं. मग गंमत वाटली. आणि मग तवांगचं कोडं सुटल्यासारखं झालं. धोका कधीच बाजू बदलून बसलाय. कूटला जाणाऱ्या शिपायाला निरोप द्यायचा, कारण तो परत येईल की नाही याची शाश्वती नव्हती. मॉस्कोला जाणारं कुटुंब परत येणारच, साडू म्हणतात तसं सरकार आणणारच. शाश्वती नाही ती आमची. निरोप आता जाणाऱ्यांचा नसतोच, राहणाऱ्यांचा असतो.

तसं असेल तर रीतच उलटी करायला हवी, असं मी पुढे ठरवून टाकलं. निरोप ज्याचा, त्याने यावं कशाला? आम्हीच उठून पुण्याला जावं, त्यांच्या अर्ध्या बांधलेल्या घरात चटईवर बसावं. त्यांची धावपळ वाचेल, मुलांना पोह्यांच्या बशा पुन्हा पुन्हा मांडीवर घ्याव्या लागणार नाहीत. विचार मला आवडला होता. पण अक्का आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात, मामंजींना जिना उतरवत नाही. ज्यांना निरोप द्यायचा त्यांनाच येता येत नाही, आणि ज्यांना येता येतं त्यांचा निरोप कशाला? तेव्हा रीत जुनी तीच राहू द्यावी. कारण मात्र बदललेलं आहे, हे माहीत असलेलं बरं.

पाऊण तासाबद्दलही माझी तक्रार राहिलेली नाही. दोन दिवस मुक्कामाला आले असते तर कशाला आलेत हे सगळ्यांना कळलं असतं, आणि कळल्यावर बोलणंच खुंटलं असतं. गाडी खाली उभी आहे, ड्रायव्हर जेवायचा आहे, अजून दोन घरं आहेत, या घाईच्या आडोशाने माणसं बोलू शकतात. अक्काने तेच केलं. मी तिथे होतो. पुतणी वाकून नमस्कार करत असताना अक्का सरळ म्हणाली, ‘‘हे बघ, मी गेले तर धावत येऊ नकोस. आणि तू येईपर्यंत मला बर्फात ठेवू नका. ज्या दिवशी जाईन त्याच दिवशी उरका.’’ मुलगी परदेशातून येईपर्यंत थांबायचं की नाही, यावरून घरोघरी किती वाद होतात, भाऊ भावाशी वर्षं बोलत नाहीत, हे ज्यांनी शवागारासमोर उभं राहून पाहिलंय त्यांना अक्काने काय सोपं केलं ते समजेल. पुतणी ‘‘आत्या, काहीही काय!’’ म्हणाली नाही. ‘‘बरं,’’ म्हणाली, आणि उठली. व्हिडिओ कॉलवर हे वाक्य येत नाही. आलं तरी ‘नेटवर्क गेलं’ म्हणून ते टाळता येतं.

साडूंना मी हा सगळा युक्तिवाद फोनवर ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि भेटी निरुपयोगी हे आपलं मत कायम असल्याचं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण माझ्या बाबतीत मात्र ती येईपर्यंत थांबा. सांगून ठेव तिला.’’ माझं स्वतःचं काय ते अजून ठरत नाही, आणि पुतणीचं विमान पुढच्या गुरुवारी आहे.