काय करू, सांगा

वाचक माउली, ‘काय करू, सांगा’ असे आपल्याला कोणी ना कोणी विचारलेच असेल. नोकरी सोडू का, गावची जमीन विकू का, मुलीला शिकायला परगावी पाठवू का. आणि आपण सांगूनही टाकले असेल. मुलुंडला गाडीत बसलेल्या माणसाने प्रश्न काढावा आणि दादर यायच्या आत चौघांनी मिळून त्याच्या संसाराचा निकाल लावून द्यावा, हे आम्ही उपनगरातली माणसे रोज करतो. मीही केले आहे. त्यातले एक प्रकरण मनातून जात नाही, म्हणून आज आपल्यापुढे मांडतो.

२०१९ साली महानगर टेलिफोन निगमने पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या महिन्याभरात अर्ज भरायचा. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा एक स्नेही तिथे होता. वय चोपन्न, नोकरी तीस वर्षांची, उरलेली वर्षे सहा. म्हणजे १२०० दिवसांचा पगार. हा आकडा त्याने मला इतक्या वेळा ऐकवला की आजही पाठ आहे. ८ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. तो पंढरीला आला खरा, पण चंद्रभागेच्या वाळवंटातही त्याच्या खिशात हिशेबाचा कागद होता.

त्याने सगळ्यांना विचारले. मंडळातल्या एकाने २००१ साली बँकेतून अशीच निवृत्ती घेतली होती, त्याचे बरे चालले होते. तो म्हणाला, डोळे मिटून घ्या. दुसऱ्याचे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या घराची चूल पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाही. तो म्हणाला, हातची नोकरी मरेपर्यंत सोडू नका. दोघेही मनापासून बोलले. पण माउली, दोघांपैकी एकानेही त्याच्या प्रश्नाकडे पाहिले नव्हते. एकाने आपले सुख सांगितले, दुसऱ्याने आपल्या बापाचे दुःख. कर्ज किती उरले आहे, मुलाचे शिक्षण किती बाकी आहे, हे कोणीच विचारले नाही.

घरच्या वहिनींनी मात्र एकच विचारले होते, “तुम्ही दिवसभर घरी बसून करणार काय?” हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितले आणि आम्हीही हसलो. साऱ्या महिन्यात कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

मग तो माझ्याकडे आला. “बुवा, तुम्ही सांगाल तसं करतो.” मी म्हणालो, “घ्या माउली. तीस वर्षं सरकारची केलीत, आता पांडुरंगाची करा.”

वाक्य किती गोड! ऐकणाऱ्याला वाटावे, बुवांना वैराग्य चढले आहे. खरे कारण असे की मी त्याच्या आधी दोन वर्षे निवृत्त झालो होतो आणि आषाढीची पायी वारी पूर्ण करायला मला सोबत हवी होती. त्याला नोकरीमुळे कधी अठरा-वीस दिवसांची रजा मिळत नसे. मी माझी सोय पाहिली आणि तिला पांडुरंगाचे नाव दिले. त्या वेळी हे मला कळलेही नाही. अशा वेळी ते कळत नाही, हीच तर यातली खोच आहे.

आपल्या संतमंडळींत सल्ल्याची एक कथा आहे, ती आपण कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईने थापटण्याबद्दल विचारले आणि काकांनी तेच थापटणे घेऊन एकेकाचे डोके थोपटून पाहिले. सगळे गप्प बसले, नामदेवराय चिडले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे. आपण इथे हसतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. नामदेवराय रागावून पंढरीला आले, ते सल्ला मागायला नव्हे. आपला देव आपलीच बाजू घेईल, या भरवशाने आले. देवाने बाजू घेतली ती काकांची, आणि त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले.

आपण मित्राकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा असेच जातो. निर्णय मनात ठरलेला असतो, हवी असते ती मान हलवणारी व्यक्ती. एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे, दुसऱ्याने म्हटले तर तिसऱ्याकडे. आणि सांगणारा? काकांना त्या सांगण्यातून काही मिळायचे नव्हते. उलट पाहुणा रुसून उठून गेला. माझ्या सल्ल्याने माझा पाहुणा खूश झाला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुकोबारायांचे आणखी एक. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना ठाऊक आहे. पण परंपरा असेही सांगते की धाकट्या कान्होबांच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी आधी त्यांच्या हवाली केली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. भावालाही ‘तूही बुडव’ असा उपदेश करता आला असता. केला नाही. कान्होबांच्या घरी खाणारी तोंडे वेगळी होती. मी मात्र मुलुंडच्या फलाटावर उभा राहून दुसऱ्याची खते बुडवत होतो.

पुढचे आपल्याला माहीतच आहे. दिल्ली आणि मुंबईतून ज्या चौदा हजारांहून अधिक जणांनी ती योजना घेतली, त्यांच्याबरोबर तो ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाला. मार्चमध्ये लोकल बंद पडल्या, मंडळ बंद पडले, आणि त्या आषाढीला माउलींच्या पादुकाच एसटीने पंढरीला गेल्या. पायी वारी झालीच नाही. वहिनींचा प्रश्न दोन खोल्यांच्या घरात रात्रंदिवस उभा राहिला. त्याच्या घरच्या गोष्टी इथे लिहिणे बरे नव्हे. एवढेच सांगतो की त्या दोन वर्षांत मी त्याला फोन करायला कचरत होतो.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली आणि तो आला. दिवे घाटाच्या चढावर आम्ही थोडे मागे पडलो, कडेला टेकलो. मी म्हणालो, “माउली, तेव्हा मी तुम्हाला ‘घ्या’ म्हणालो ना, ते माझ्यासाठी म्हणालो होतो. मला वारीला जोडीदार हवा होता.”

तो पाण्याची बाटली उघडत म्हणाला, “ठाऊक होतं की बुवा. म्हणून तर तुम्हाला सगळ्यांत शेवटी विचारलं. बाकीच्यांनी अर्धं हो, अर्धं नाही केलं होतं. तुम्ही नाही म्हणणार नाही, याची खात्री होती.”

“आणि वहिनी?”

“तिला कुठे विचारलं होतं? तिनं आपण होऊन सांगितलं.”

मागून दुसरी दिंडी आली, टाळांच्या आवाजात पुढचे ऐकू येईना. आम्ही उठलो. सासवडला मुक्कामी पोहोचल्यावर त्याने घरी फोन लावला आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिला.