आधी तारीख, मग भाकीत

रत्नागिरीतले माझे एक डॉक्टर स्नेही अलीकडे प्रत्येक सभेत एकच मागणी मांडतात. गरोदर स्त्रीच्या रक्तातल्या किंवा स्रावातल्या जैविक खुणा तपासून अकाली बाळंतपण आधीच ओळखणारी चाचणी जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली आणि त्यातली ३० लाखांवर भारतातली होती. पण त्यांच्या मागणीचा क्रम चुकला आहे, आणि या चुकीची किंमत आई आणि बाळ मोजतात.

आधी साधा हिशेब करू. हजार गरोदर स्त्रियांपैकी १३० जणी दिवस भरण्याआधी बाळंत होणार आहेत असे धरू. चाचणी धोका असलेल्यांत ८० टक्के आणि नसलेल्यांतही ८० टक्के बरोबर ठरते असे मानू. ती १०४ जणींना हेरेल, २६ जणी निसटतील आणि ज्यांचे दिवस पुरे भरणार आहेत अशा १७४ जणींनाही ती धोक्यात काढेल. म्हणजे घाबरवलेल्या २७८ जणींपैकी बहुतेकींना घाबरण्याचे कारणच नसेल. प्रत्यक्षातली स्थिती याहून वाईट आहे. अमेरिकेत ९,४१० पहिलटकरणींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुढे अकाली बाळंत झालेल्यांपैकी दहा टक्केसुद्धा फायब्रोनेक्टिन या प्रथिनाच्या चाचणीला आधी ओळखता आल्या नाहीत.

चुकीचा इशारा निरुपद्रवी असतो, हा समज आपल्या शेजारीच खोटा ठरला आहे. अकाली जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. मोठ्या रुग्णालयांत ती जीव वाचवतात. मग ती गावपातळीवर का नेऊ नयेत, या विचाराने सहा देशांत एक प्रयोग झाला. त्यात बेळगाव आणि नागपूर ही दोन केंद्रे होती. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनी सगळ्यांना हादरवले. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीतच, उलट सगळ्या बाळांचा एकत्र हिशेब केला तेव्हा नवजात मृत्यू हजारामागे साडेतीनने वाढलेले दिसले. ज्यांना औषध मिळाले त्यांतल्या बहुतेकींची बाळे कमी वजनाची नव्हतीच.

यावर स्नेही म्हणतील, नेमकी खूण हाती असती तर औषध योग्य स्त्रीलाच मिळाले असते. आक्षेप वजनदार आहे. पण याच औषधाने पुढे यश मिळवले ते कशाच्या बळावर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांमधल्या चाचणीत नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. तिथे गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले होते आणि बाळाला सांभाळणारे रुग्णालय हाताशी होते. मिरकरवाडा बंदरावर वादळाचा बावटा चढतो तो होड्यांना आसरा गाठता यावा म्हणून. आसराच नसेल तर बावट्याचा काय उपयोग?

गर्भाचे वय ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. २०१५ पासून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात 'गर्भिणी' हा मोठा अभ्यास चालू आहे. तिथल्या संशोधकांना दिसले की वय मोजण्याचे सूत्र बदलले की त्याच स्त्रियांमधले अकाली बाळंतपणाचे प्रमाण सुमारे ११ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान हलते. अकाली कोण, हेच जिथे मोजपट्टीनुसार बदलते, तिथे त्याचे भाकीत करणारी खूण कशाशी ताडून पाहायची? मंडणगड किंवा राजापूरच्या वाडीवरची बाई शेवटच्या पाळीची तारीख अंदाजाने सांगते आणि पहिल्या सोनोग्राफीलाच उशिरा पोहोचते. मग पुढची सगळी गणिते डळमळतात.

तरीही हा विचार करताना माझी भूमिका एका ठिकाणी बदलली. फायब्रोनेक्टिनचा होकार कच्चा असला तरी त्याचा नकार पक्का आहे. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या स्रावात ते सापडले नाही, तर येत्या आठवड्यात ती बाळंत होण्याची शक्यता फारच कमी असते. मुंबई-पुण्यात या नकाराने एक खाट वाचेल. कोकणात भर पावसात आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे असते, घरची पुरुषमाणसे मुंबईला असतात आणि गाडीचे पैसे उसने आणावे लागतात. इथे तो नकार एका कुटुंबाचा केवढा तरी भार हलका करील. म्हणून ही चाचणी सरसकट प्रत्येकीसाठी नको. जिथे रुग्ण पुढे पाठवायचा की ठेवून घ्यायचा हे ठरते, त्या रुग्णालयात ती जरूर हवी.

आणि प्रत्येक उपायाला भाकीत लागतेच असेही नाही. बेळगाव-नागपूर धरून सहा देशांतल्या जवळपास १२ हजार पहिलटकरणींची आणखी एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. सहाव्या ते तेराव्या आठवड्यादरम्यान सुरू केलेल्या रोजच्या ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिनने अकाली बाळंतपणे १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आली. कोणाला धोका आहे हे आधी न हेरताही हा फरक पडला. मात्र तेरावा आठवडा उलटण्याआधी बाई दवाखान्यात आलेली असावी लागते.

म्हणून जिल्ह्याच्या नियोजनात पहिला पैसा पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीला आणि तिथवर बाईला घेऊन येणाऱ्या आशाताईच्या मानधनाला मिळाला पाहिजे. दुसरा नवजात बाळांच्या कक्षाला आणि तिथल्या परिचारिकांना. खुणांवरचे संशोधनही जोमाने व्हावे, कारण बाळंतपण अकाली का होते हे आज ना उद्या त्यातूनच कळेल. पण आधीची दोन कामे झाल्याशिवाय प्रत्येक केंद्रात चाचणी आणणे म्हणजे आईच्या हाती नुसती भीती देणे आहे, आणि त्याला माझा विरोध राहील.