चेंडू दिसायच्या आधी

१९६२च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, जीव वाचला. पण भारताच्या कर्णधाराची कसोटी कारकीर्द संपली. वेस्ट इंडिजमधली ती कसोटी मालिका आपण ५-० अशी हरलो. मग क्रिकेट मंडळाने वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज १९६२-६३च्या रणजी मोसमासाठी बोलावून घेतले. हैदराबादच्या वाट्याला रॉय गिलख्रिस्ट आला. हा तोच, ज्याला बीमरच्या हट्टापायी आधीच्या भारत दौऱ्यातून घरी पाठवलं होतं! उपाय अघोरी वाटतो, पण निदान अचूक होतं: आपल्या फलंदाजांना वेगवान गोलंदाजाचा हात वाचायची सवय नव्हती.

पट्टीच्या फलंदाजाचं शरीर आपल्यापेक्षा चपळ असतं, असा आपला समज असतो. १९८७ साली पीटर मॅक्लिऑड या मानसशास्त्रज्ञाने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना मॅटिंगवर मशीनचे चेंडू खेळायला लावले. मॅटिंगखाली लाकडी दांड्या होत्या. दांडीवर पडून चेंडू भलतीकडे गेला की बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागत, म्हणजे तुम्हाआम्हाला लागतात तेवढेच. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू पोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. म्हणजे फलंदाजाची सगळी कमाई आधीची: खांद्याचा कल, मनगटाची ठेवण, चेंडू सुटतो तो क्षण. २०००च्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की फलंदाजाची नजर चेंडूला सोडून टप्प्याच्या जागी आधीच उडी मारते, आणि खेळाडू जितका तयार तितकी ही उडी लवकर. ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ असं बजावणारे प्रशिक्षक स्वतः खेळताना काय करत होते, देव जाणे.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हे गणित आणखी निर्दय. अंतर १८.४४ मीटर, बॅट गोल, हाताशी ०.४ सेकंद. दहांत तीनदा हिट मिळवणारा तिथे नामवंत ठरतो. २००४ साली जेनी फिंच या सॉफ्टबॉलपटूने एका प्रदर्शनी सामन्यात आल्बर्ट पुहोल्ससारख्या दिग्गज बॅटरला स्ट्राइकआउट केलं. तिचा हात खालून यायचा, आणि तो हात वाचायची सवयच त्याला नव्हती. २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघा भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, तेही पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला. खांद्यातला जोर शोधून काढता येतो; बॅटर असा शोधून मिळाला नसता.

पुन्हा हैदराबादकडे येऊ. हैदराबादी मनगटाचं कौतुक आपण नजाकत म्हणून करतो. जयसिंहा, अझरुद्दीन, लक्ष्मण यांच्या संथपणात आपल्याला नवाबी दिसते. मला त्यात आधी उरकलेलं काम दिसतं. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मिडविकेटला वळवायला लक्ष्मण इतका उशीर करू शकायचा, कारण चेंडू कुठे पडणार हा प्रश्न त्याच्यापुरता केव्हाच मिटलेला असायचा.

या वाचण्यावर तोडही याच शहरातल्या गोलंदाजाकडे आहे. मोहम्मद सिराजच्या वॉबल सीममध्ये चेंडूची शिवण हवेत डगमगत येते. टप्प्यानंतर तो आत येईल की बाहेर जाईल, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मग मनगट वाचून फलंदाजाच्या हाती काय लागणार? टप्पा पडल्यावर उरलेल्या वेळात जमेल तेवढं करायचं, आणि तो वेळ २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी असतो.