पोटासाठीं परभाषा

परभाषा ज्ञानासाठीं शिकावी कीं पोटासाठीं, हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत निघाला म्हणजे पहिल्या पक्षाकडे माना डोलूं लागतात. पोटासाठीं भाषा शिकणारा सरस्वतीला लक्ष्मीच्या घरीं पाणी भरावयास लावतो, असा एक समज आहे. तो बहुधा पोट भरलेल्यांचा असतो.

अशा वेळीं धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण देतां येईल. १८९९ सालीं गोव्यांतील घर सोडून ते ज्ञानाच्या शोधार्थ निघाले, सिंहलद्वीपांत पाली शिकले, आणि १९१२ पासून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत त्या भाषेचे अध्यापक झाले. भाषेनें त्यांस पद दिलें. पदासाठीं ते भाषेकडे गेले नव्हते. उदाहरण थोर खरें. परंतु निघतांना मागें पत्नी व तान्ही कन्या होती, हेंही विसरूं नये. निर्हेतुक विद्येचें मोल कधीं कधीं दुसऱ्यांस द्यावें लागतें. ज्या मुलीस घरचें कर्ज फेडावयाचें आहे, तिला हें उदाहरण ऐकवून खजील करणें आम्हांस मुळींच योग्य वाटत नाहीं.

२०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिकेस तेथें मान्यता मिळण्यास सामान्यतः 'बी-दोन' पायरीचें जर्मन लागतें. आमची मुलगी तें पगारासाठीं शिकते. शिकूं द्यावें. पण पुढें काय होतें तें पाहा.

पुस्तकी जर्मन भाषेंत पावलास 'फूस' म्हणतात, आणि त्यावरच्या भागास 'बाइन'. त्याच राज्यांतील स्वाबियन बोलींत मात्र कमरेपासून बोटांपर्यंत सारा 'फूस'च. म्हातारा रोगी म्हणतो, "माझा फूस दुखतो." परीक्षेपुरती भाषा शिकलेली परिचारिका पाऊल दाबून पाहील, आणि दुखणें असेल मांडींत. गंमत अशी, कीं आपला 'पाय' हा शब्दही नेमका तसाच आहे. पुस्तकाच्या जर्मनापेक्षां तो म्हातारा मराठीच्या अधिक जवळचा! आपली भाषा आठवून ऐकणारीला हें उमगेल. परभाषा ही केवळ नोकरीची किल्ली समजून जिनें आपली भाषाही खुंटीस टांगली, तिला उमगणार नाहीं.

म्हणून भाषा कशासाठीं शिकण्यास आरंभ केला, हें आम्ही विचारीत नाहीं. शिकणें कोठें थांबविलें, हें विचारतों. प्रमाणपत्र रुग्णालयाच्या कचेरींत दाखवावयाचें असतें. रोग्यानें तें पाहिलेलें नसतें. रात्रपाळी करून थकलेल्या मुलीनें वर बोलीही शिकावी, हें येथें खुर्चींत बसून सांगणें सोपें आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तिच्या वेतनपत्रांत त्या श्रमांचा उल्लेख नसेल. तरीही खाटेजवळ वांकून, गुडघ्यावर हात ठेवून, "येथें? कीं वर?" असें तिलाच विचारावें लागेल.