बंद झालेल्या कचऱ्याचा कर्ता कोण?

गोराई खाडीच्या एका काठावर ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा आहे. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आत बुद्धाचे अस्थिधातू जपलेले आहेत आणि साधक तिथे डोळे मिटून अनित्यतेचा अनुभव घेतात. त्याच सुमारास खाडीच्या दुसऱ्या, म्हणजे बोरिवलीच्या काठावर मुंबई महापालिकेचे एक मोठे काम हातावेगळे होत होते. १९७२ पासून उपनगरांचा कचरा जिथे पडत आला होता, ते गोराईचे डंपिंग ग्राउंड शास्त्रीय पद्धतीने बंद केले जात होते. सुमारे २० हेक्टर जागा, २३ लाख टनांच्या आसपास कचरा आणि आठ मजली इमारतीइतका उंच ढीग. त्याचे उतार सारखे करून घेतले गेले, खाडीच्या बाजूला बांध घातला गेला, वर प्लास्टिकचे जाड आच्छादन, त्यावर माती आणि त्यावर गवत आले. आतला वायू ओढून घेण्यासाठी विहिरी खोदून नळ्या टाकल्या गेल्या. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली या प्रकल्पाची नोंद झाली. आज तिथे एक हिरवी टेकडी दिसते.

टेकडी हिरवी झाली म्हणजे काम संपले असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बंद झालेली कचराभूमी ही निवृत्त झालेली जागा नसते. आच्छादनाखाली ओला कचरा हवेवाचून कुजत राहतो आणि त्यातून साधारण निम्मा मिथेन व निम्मा कार्बन डायऑक्साइड असा वायू तयार होतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, ज्याला या क्षेत्रातली माणसे लिचेट म्हणतात, तळाकडे उतरत राहते. आतला कचरा कुजून बसत जातो, तसे वरचे आच्छादन ठिकठिकाणी खचते. खचलेल्या जागी पावसाचे पाणी साचते आणि तेच पाणी आत मुरून आणखी लिचेट तयार करते. उतारावर ओघळी पडतात. खोल मुळांची झाडे उगवली तर आच्छादनाला भोके पडतात. म्हणून कोणाला तरी दर पावसाळ्यानंतर ओघळी बुजवाव्या लागतात, वायूच्या नळ्यांत साठलेले पाणी काढावे लागते, आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींतले भूजल तपासावे लागते. हे सारे वर्षानुवर्षे करायचे असते, आणि त्यातून कोणालाही नवे काही मिळत नाही.

इथेच एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. १९७२ साली ज्या घराने भाजीची देठे, फुटक्या बाटल्या आणि मोडके पंखे टाकले, त्या घरातली माणसे आता हयात नसतील, किंवा शहर सोडून गेली असतील. ज्याने टाकले त्याला फळ भोगावे लागत नाही; ज्याने टाकले नाही, म्हणजे २०१० साली ढिगाशेजारच्या वस्तीत जन्मलेल्या मुलाला, ते भोगावे लागते. भारतीय दर्शनांनी नेमक्या या अवस्थेला दोष मानले आहे आणि त्याला दोन नावे दिली आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे हा अकृताभ्यागम. आत्मा नित्य मानणाऱ्यांनी हा युक्तिवाद वारंवार वापरला आहे. कर्ता टिकून राहत नसेल तर हे दोन्ही दोष येतील आणि जगातली नैतिक व्यवस्थाच कोसळेल, म्हणून कर्ता टिकणारा मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

बौद्धांनी नित्य आत्मा नाकारला, पण कर्माची जबाबदारी मात्र नाकारली नाही. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात याचे एक सुंदर उदाहरण येते. एक माणूस दिवा घेऊन माळ्यावर जातो आणि जेवायला बसतो. दिव्याची ज्योत छपराच्या गवताला लागते, घर पेटते, घरावरून आग साऱ्या गावात पसरते. गावकरी त्याला पकडतात. तो म्हणतो, मी ज्या उजेडात जेवलो ती ज्योत वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. नागसेन राजाला विचारतो, तू कोणाच्या बाजूने निकाल देशील? राजा गावकऱ्यांची बाजू घेतो, कारण ती आग त्या ज्योतीपासूनच निघाली. जन्मोजन्मी एकच आत्मा जात नसला तरी एक प्रवाह चालू असतो, आणि त्या प्रवाहात जो आहे तो सुटत नाही.

आत्म्याच्या प्रश्नावर शतकानुशतके भांडलेल्या या दोन परंपरा एका गोष्टीवर एकमत आहेत: कर्म अनाथ सोडता येत नाही. कचराभूमीच्या बाबतीत तो टिकणारा कर्ता कोण, एवढेच शोधायचे उरते. एकेक घर तो होऊ शकत नाही. माणसे मरतात, ठेकेदार बदलतात, कंपन्या बंद पडतात. टिकते ती महापालिका, टिकते ते राज्य. कर गोळा करताना जी संस्था आपण १८८८च्या कायद्यापासून चालत आल्याचे सांगते, तिने कचऱ्याच्या बाबतीतही तेच सातत्य मान्य केले पाहिजे. बंद झाल्यानंतरच्या देखभालीचे नियम मुळात याच कल्पनेवर उभे आहेत. जिचा मृत्यू होत नाही अशा कर्त्याच्या माथी कायद्याने ते कर्म ठेवले आहे.

मात्र कायद्याने त्या कर्त्याला मुदतही दिली आहे. आपल्याकडे २००० सालच्या नियमांत आणि पुढे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बंद झालेल्या कचराभूमीची देखभाल किमान १५ वर्षे करावी असे सांगितले होते. अंतिम आच्छादन कसे हवे याचेही मोजमाप त्यात होते: ६० सेंटिमीटर जाडीचा, पाणी जवळजवळ अडवणारा मातीचा थर, त्यावर १५ सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर आणि त्यावर झाडोरा वाढेल असा ४५ सेंटिमीटरचा थर. अमेरिकेत १९९१च्या केंद्रीय नियमांनी ही मुदत ३० वर्षे ठेवली आणि तिथल्या नियामकाला ती वाढवण्याचा अधिकार दिला. युरोपीय संघाच्या १९९९च्या निर्देशात देखभालीचा खर्च निदान ३० वर्षांचा धरून आधीच वसूल करावा, असे म्हटले आहे.

आकडा १५ असो वा ३०, तो माणसांनी ठरवलेला आहे. मिथेनला तो माहीत नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातील लॉस्को या गावी एक कचराभूमी १९८२ साली बंद झाली. २४ मार्च १९८६ रोजी सकाळी तिच्या शेजारचा एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि आतली तीन माणसे गंभीर जखमी झाली. वायू जमिनीखालच्या खडकातून घराखाली गेला होता आणि त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरल्यामुळे तो वर आला. मालाडमध्ये जुन्या डंपिंग ग्राउंडच्या परिसरात कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्यावर तिथले संगणक वारंवार बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या आणि संशयाची सुई जमिनीतल्या वायूंकडे वळली. अशी उदाहरणे पाहिली की जबाबदारीचा शेवट कॅलेंडरवरून ठरवणे चूक आहे हे लक्षात येते. कर्माचे फळ संपेपर्यंत कर्त्याने सुटू नये, हाच खरा निकष. २०१६च्या नियमांतही त्याचे बीज होते. १५ वर्षांच्या निरीक्षणानंतरही त्या जागेवर वस्तीचा विचार करायचा तो वायू आणि लिचेट मानकांत बसत असतील आणि जमीन स्थिर असेल तरच. हे बीज वाढवले पाहिजे. मुदत १५ वर्षांची म्हणण्याऐवजी मोजमाप सलग काही वर्षे निर्धोक येईपर्यंतची म्हटली पाहिजे.

जबाबदारी दुसऱ्याला देऊन टाकली तर? न्यूयॉर्क राज्यात नायगरा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलची कथा या प्रश्नाचे उत्तर देते. १९४० आणि ५०च्या दशकांत तिथल्या एका अर्धवट कालव्यात एका रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जागा शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे खरेदीखतात लिहिले होते. तिथे शाळा झाली, घरे झाली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यातूनच १९८०चा सुपरफंड कायदा आला आणि जुन्या कचऱ्याची जबाबदारी मूळ टाकणाऱ्यापर्यंत मागे नेता येऊ लागली.

त्या खरेदीखतातला विचार आपल्या परंपरेच्या कसोटीवर टिकत नाही. यज्ञात आहुती देताना यजमान ‘हे माझे नाही’ असे म्हणतो, पण मीमांसकांच्या मते त्या त्यागाला द्रव्याबरोबर देवताही लागते. घेणारा कोणी असल्याशिवाय त्याग पुरा होत नाही. कचरा टाकताना आपण ममत्व सोडतो खरे, पण समोर घेणारी देवता नसते. असतात ती खाडी, कांदळवन आणि शेजारची वस्ती, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. गीतेच्या अठराव्या अध्यायातला भेदही इथे लागू पडतो. फळाची आसक्ती सोडावी, पण नियत कर्म मोहाने टाकू नये. तसा त्याग तामस. कचराभूमीची देखभाल हे तसेच नियत कर्म आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. ज्या शहरात अनेक वस्त्यांना आजही पुरेसे पाणी मिळत नाही, तिथे बंद ढिगावर पैसा का घालायचा? आजच्या माणसांचा हक्क मोठा नाही का? मोठा आहेच. पण ढिगाशेजारी राहणारी माणसेही आजचीच आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ती शहरातली सर्वांत कमी कचरा करणारी माणसे आहेत. देवनारच्या कचराभूमीभोवती कोण राहते आणि तिथे येणारा कचरा कोणत्या घरांतून निघतो, हे मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. तिथे १९२७ पासून कचरा पडतो. २०१६च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, पण तो श्वासातून घेतला भोवतालच्या वस्त्यांनी. अकृताभ्यागमाचा दोष केवळ पुढच्या पिढ्यांना लागत नाही, तो आजच्या गरिबालाही लागतो.

देखभालीला पैशाइतकीच स्मृतीही लागते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील फ्रेश किल्स ही २,२०० एकरांची कचराभूमी मार्च २००१ मध्ये बंद झाली आणि सहाच महिन्यांनी, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा ढिगारा चाळण्यासाठी पुन्हा उघडावी लागली. चाळून उरलेली बारीक माती तिथेच राहिली. त्यात आपल्या माणसांचे अंश असतील, म्हणून ती अन्यत्र नेऊन सन्मानाने दफन करावी, अशी मागणी काही कुटुंबांनी न्यायालयात केली. ती फेटाळली गेली. आज तिथे टप्प्याटप्प्याने उद्यान उघडत आहे, आणि वायू व लिचेट गोळा करण्याचे काम त्या हिरवळीखाली चालूच आहे. जमिनीखाली काय आहे याचा विसर पडू न देणे हेही त्या कुटुंबांचे ऋण आहे. अमेरिकेच्या नियमात यासाठी एक साधी तरतूद आहे: बंद झालेल्या कचराभूमीची नोंद त्या जमिनीच्या मालकी दस्तावर करावी लागते. पुढे कधीही कोणी ती घेऊ पाहिली तर खाली काय आहे हे त्याला कळते.

आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात आणि शहरांतल्या मिळकत पत्रिकेवर अशी नोंद सक्तीची व्हायला हवी. मुलुंडचे डंपिंग ग्राउंड २०१८ साली बंद झाले आणि तिथला जुना कचरा उकरून वेगळा करण्याचे काम हाती घेण्यात आले. राज्यातल्या इतर शहरांतही जुने ढीग असेच हाताळले जात आहेत. कुठे ते उकरले जातील, कुठे झाकले जातील. जिथे झाकले जातील तिथे देखभालीचा स्वतंत्र निधी, भूजलाच्या चाचण्यांचे दरवर्षी जाहीर होणारे अहवाल आणि जमिनीच्या कागदावरची नोंद या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून असल्या पाहिजेत. गोराईची १५ वर्षे, २००९ पासून मोजली, तर २०२४ मध्ये भरली. तिथल्या विहिरींतले पाणी आणि नळ्यांतला वायू काय सांगतो, यावरच पुढचा निर्णय व्हावा.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या शहरातली बंद झालेली कचराभूमी कोणती, तिची देखभाल आज कोणाकडे आहे आणि तिच्या शेजारच्या भूजलाची शेवटची चाचणी कधी झाली, हे तीन प्रश्न आपल्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला विचारा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. उत्तर आले की ते शेजाऱ्यांना वाचायला द्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.