अंगठा टेकवण्यापूर्वी

बसा. घाई नाही, इथे लेट मार्क लागत नाही. उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा, उजेडाकडे जरासा तिरका. बारीक रेषा दिसतील. त्यातली एक निवडा आणि नजरेनं तिच्या मागे मागे जा. कुठेतरी ती संपेल, नाहीतर तिला फाटा फुटेल. तिथे थांबा.

ऑफिसच्या दारातलं यंत्रही तिथेच थांबतं. कुठली रेषा कुठे संपली, कुठे फुटली, एवढ्याच खुणा ते टिपतं आणि त्यांचे आकडे करून ठेवतं. या रेषा आईच्या पोटात असतानाच तुमच्या बोटांवर उमटल्या होत्या. लोकल चुकवत, जिने चढत, धापा टाकत सकाळी 9.28 ला आपण काचेवर टेकवतो ते हे.

एक श्वास घ्या. अंगठा खाली ठेवा.

आता त्या हातात एक चावी आहे असं समजा. तिच्यावर नंबर आहे, नाव नाही. 1888 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्यानं एक घड्याळ तयार केलं आणि पुढच्याच वर्षी भावाच्या साथीनं बिंगहॅम्टनला अशा घड्याळांचा कारखाना निघाला. प्रत्येक कामगाराची चावी वेगळी. ती घड्याळात घालून फिरवायची.

फिरवा, पण सावकाश. आतली चाकं आपल्या गतीनं फिरतच आहेत. त्यांच्याच जोडीला छापायची चाकं, त्यांवर तासाचे आणि मिनिटांचे आकडे. चावी वळली की कागदाच्या पट्टीवर ठसा उमटतो: चावीचा नंबर आणि त्या घडीची वेळ. घड्याळं तोवर जगात काय कमी होती? पण घड्याळ वेळ दाखवतं आणि लगेच विसरून जातं. बंडीचं विसरत नव्हतं. मला तर वाटतं, त्यानं विकलं ते घड्याळ नव्हेच, ती पट्टी. (हा धंदा पुढे इतर कंपन्यांत मिसळत गेला. 1911 च्या विलीनीकरणातून जी कंपनी झाली, तिनं 1924 साली नाव बदललं आणि ती आयबीएम झाली.)

जरा कान द्या. मुंबईच्या गिरणगावात भोंगा व्हायचा, आणि तो अख्ख्या चाळीला एकदम उठवायचा. लहान मूल, म्हातारी, रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला माणूस, सगळ्यांना. चावीला आवाज नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक.

पुन्हा अंगठ्याकडे या.

माझे वडील फाउंड्रीत होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पंचिंगचं कार्ड गेलं आणि थंब आलं. वाळू आणि तापलेलं बीड हाताळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. मागे पाळीची रांग खोळंबलेली. ते अंगठा पँटला पुसायचे, फुंकर घालायचे. मग कपाळावर घासायचे, कारण कोरड्या बोटाला घामाचा ओलावा लागला की कधी कधी जमून जातं. नाहीच जमलं तर टाइम ऑफिसात जाऊन मस्टरवर सही. दारातल्या वॉचमनला ते नावानिशी ठाऊक होते, आणि तो काही करू शकत नव्हता. घरी येऊन हे सांगताना वडील हसायचे. मला ते हसू आवडायचं नाही.

आता डोळे मिटा. यंत्राकडे तुमच्या कालच्या दिवसाचे दोनच आकडे आहेत, आत गेलात तो आणि बाहेर पडलात तो. त्यांच्या मधलं तुम्ही आठवा. क्रमानं नको, हाताला आठवेल तसं. चहाच्या ग्लासची कड. कुणीतरी मुकाट्यानं पुढे सरकवलेला डबा. घट्ट बसलेला ड्रॉवर. ज्या कामात वेळेचं भानच राहिलं नाही, ते एखादं काम असलं तर तिथे थोडं जास्त थांबा. नसलं तर तेही पाहून घ्या.

वडिलांची पँट धुवायला टाकण्याआधी आई तिचे खिसे उलटे करून झटकायची. न्हाणीच्या कोपऱ्यात काळी वाळू साठायची. पायाला ती बारीक टोचायची.