हाताजोगी दोरी

धनजमध्ये एक म्हातारा भोई राहत होता. त्याच्या बापाने सणाच्या दोरीवर मासे धरले होते. म्हाताऱ्याने तंगुसावर धरले. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी, आरपार दिसणारा धागा. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत तयार झालं. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, पण त्याच्या कितीतरी आधी, धनज अकोला जिल्ह्यात होतं तेव्हापासून म्हाताऱ्याच्या खिशात तंगुसाची गुंडी असायची.

म्हाताऱ्याकडे दोन पोरं गळ शिकायला आली. एक त्याचा भाचा, दुसरा एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा पोरगा.

भाचा मोठा उतावळा. भाकर तव्यावर असतानाच तिचा तुकडा मोडणारा. शेतकऱ्याचा पोरगा त्याच्या अगदी उलट. एसटी हलली की मग बाकावरून उठायचा. दोघंही कष्टाळू होते. दोघांनाही मरळ धरायची होती, कारण मरळ चढ्या भावाने जाते. हा मासा पाण्यावर तोंड काढून हवा घेतो. त्यामुळे बादलीत वीतभर पाण्यातही तो तासन् तास तग धरतो आणि बाजारात जिवंत विकता येतो.

फाल्गुनाचे दिवस होते. अडाण धरणाचं पाणी उतरू लागलं होतं. म्हातारा पोरांना घेऊन धरणावर गेला. काठावर बेशरमाची झुडपं होती, त्यांच्या पुढे जलकुंभीचा पट्टा होता. मरळ त्या सावलीत बसते आणि वरून बेडूक गेला की खालून झडप घालते. म्हणून म्हाताऱ्याने गळाला रबरी बेडूक लावला होता.

त्याने दोन रिळं बाहेर काढली. एकावर तंगूस होता. दुसऱ्यावर विणीची दोरी होती, बारीक तंतू एकमेकांत विणून केलेली, हिरवी आणि हाताला थोडी खरबरीत. त्याने दोन्हींची टोकं एका बाभळीला बांधली आणि वीस-वीस हात दोरी सोडली.

“वढा,” तो म्हणाला.

पोरांनी तंगूस ओढला. तो ताणत गेला. दोन हात मागे सरकावं लागलं, तेव्हा कुठे बाभळीची फांदी हलली. मग त्यांनी विणीची दोरी ओढली. ती वीतभरही ताणली नाही. हात हलला की फांदी हलली.

“हे पाहा,” म्हातारा म्हणाला, “विनीची दोरी तंगुसाएवढीच जाड घेतली, तर वजन त्याच्या तिप्पट पेलते. पन ते पान्यात दिसते, अन् दगडाच्या धारेले घासली का लवकर सुटते. तंगूस दिसत नाही, दगडाले टिकते. पन ताणते, अन् उन्हात ठेवला तर सडते. आता ज्याले जे पाहिजे ते घ्या.”

भाच्याने झटकन विणीची दोरी उचलली. “मामा, मले हेच पाहिजे. हात हलला का काम झालं!”

शेतकऱ्याच्या पोराने तंगूस हातात घेतला, बोटांत फिरवला. “आबाजी, हा मऊ हाय. माह्या हाताले बरा वाटते. अन् स्वस्त बी हाय.”

म्हातारा काही बोलला नाही. त्याने चिलीम भरली.

पोरं कामाला लागली. भाच्याने बेडूक जलकुंभीच्या पलीकडे फेकला आणि हळूहळू ओढू लागला. पाणी फुटलं. मरळीने झडप घातली होती. विणीच्या दोरीतून तो धक्का थेट भाच्याच्या बोटांत आला, आणि बोटांत येताच त्याने हिसका मारला. बेडूक माशाच्या तोंडातून सुटला आणि भाच्याच्या कानाजवळून मागे गेला. मरळीने अजून तोंड मिटलंही नव्हतं.

दुपारपर्यंत हेच चाललं. मग गळ बेशरमाच्या मुळात अडकला. भाच्याने दोरी तळहाताला गुंडाळून ओढली. ती बारीक आणि न ताणणारी दोरी मांसात शिरली आणि हात चिरला. म्हाताऱ्याने त्याच्या हाताला चिंधी बांधली. “काठीले गुंडाळून वढायची असते,” एवढंच तो म्हणाला.

तिकडे शेतकऱ्याच्या पोरालाही मासा लागला. त्याने आधी मासा पाहिला. मग काठी सरळ केली. मग उचलली. तंगूस ताणत गेला, ताणत गेला, आणि तेवढ्या वेळात मरळ जलकुंभीखाली शिरून बेशरमाच्या मुळांना वेढा घालून बसली. गळ तिच्या जबड्यात नीट रुतलाच नव्हता. थोड्या वेळाने रिकामा तंगूस हाती आला.

संध्याकाळी दोघं धनजला रिकाम्या हाताने परतले.

“दुकानदारानं खराब माल देला,” भाचा म्हणाला.

“मासेच हुशार झाले,” शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला.

बाजाराच्या दिवशी दोघं कारंज्याला गेले. आता कोणालाही वाटेल की त्यांनी दोऱ्या बदलल्या असतील. पण माणूस तसं करत नाही. भाच्याने त्याच जातीची आणखी महाग, आणखी ताठ विणीची दोरी घेतली. शेतकऱ्याच्या पोराने आणखी जाड तंगूस घेतला. तो इतका जाड होता की रिळावरून सुटताना त्याचे वेढे पडत आणि बेडूक दहा हातांवरच पडे. पुढचा सगळा आठवडा भाचा माशाच्या तोंडातून बेडूक काढत राहिला आणि शेतकऱ्याचा पोरगा मासे मुळांत हरवत राहिला.

मग एके सकाळी म्हाताऱ्याने धरणावर पोचताच भाच्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हातात दिली. त्याची काठी भाच्याला दिली. जाड तंगूस काढून त्यावर आपला बारीक तंगूस चढवला.

भाच्याला राग आला. “मामा, हे तं लेकरायची दोरी हाय! मी का लहान हाव?”

“टाक,” म्हातारा म्हणाला.

भाच्याने बेडूक टाकला. पाणी फुटलं. त्याने नेहमीसारखा तत्क्षणी हिसका मारला. पण तंगूस आधी ताणला. हातातला हिसका बेडकापर्यंत पोचायला अर्धा श्वास लागला, आणि त्या अर्ध्या श्वासात मरळीने तोंड मिटलं. गळ रुतला. भाचा ओढायला लागला, मरळही ओढायला लागली, आणि तिच्या प्रत्येक धडकेला तंगूस थोडा सैल देत गेला. मरळ काठावर आली. हातभर लांब, काळी पाठ, साप पाहावा तसं डोकं.

शेतकऱ्याचा पोरगा जरा बाजूला उभा होता. त्याच्याही बेडकावर झडप पडली. त्याने आधी मासा पाहिला. मग काठी सरळ केली. तोवर मरळीने बेडूक नीट तोंडात घेतला होता. मग त्याने काठी उचलली, आणि या वेळी मध्ये काहीच ताणलं नाही. सगळा जोर थेट गळात गेला. मरळीने जलकुंभीकडे डोकं वळवलं होतं, पण दोरीने तिला हातभरही सैल दिलं नाही. जलकुंभीचा एक झुपका तिच्याबरोबर ओढत बाहेर आला.

त्या दिवशी बादलीत चार मरळी झाल्या. पाचवी म्हाताऱ्याने सोडून दिली, ती फार लहान होती.

परतताना बांधावर पोरं भांडायला लागली.

“सांगत नव्हतो मी?” शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला. “विनीचीच दोरी खरी. दिवसभर हातात असली तं समजते.”

“काहीच्या काही नको बोलू,” भाचा म्हणाला. “मासा तंगुसावरच येते. विनीची दोरी नुसती दिखाव्याची. हात चिरला माहा तिनं!”

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. भाच्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“अरे बाप्पा,” तो म्हणाला, “आठ दिस तुमी आपापली दोरी घेऊन भांडत होते. आता एकमेकायची घेऊन भांडता. दोरी तं दोन्हीबी चांगल्याच हायेत. मी दोऱ्या नाही बदलल्या. तू घाईचा, म्हनून तुह्या हातात अन् माशात मी थोडा वेळ टाकला. तू सावकाश, म्हनून तुह्या हातातला अन् माशातला वेळ मी काढून घेतला.”

पोरं गप्प झाली. भाच्याने चिंधी बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

“मंग आमी पहिल्या दिवशी उलटंच कसं उचललं?” शेतकऱ्याच्या पोराने विचारलं.

“सारेच उचलतात. घाईच्या मानसाले घाईची वस्तू आवडते, सावकाश मानसाले सावकाश. आपल्या सभावाले आवडते ते नाही घ्यायची, पोराहो. आपली खोड सांभाळते ते घ्यायची.”

भाचा थोडं चालला. मग त्याला आठवलं.

“मामा, तुमच्या रिळावर कोनती दोरी हाय?”

म्हाताऱ्याने पिशवीतून आपलं रीळ काढून त्याच्या हातात दिलं. भाच्याने टोक धरून ओढलं. आधी दोन-तीन हात तंगूस आला. मग एक घट्ट गाठ आली, आणि गाठीच्या मागे विणीची दोरी.

“दोन्ही?”

“धरनाच्या भिंतीपाशी दगडं हायेत. धारेले लागते तो तुकडा तंगुसाचा पाहिजे,” म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “अन् सकायी मी तुह्यावानी असतो, संध्याकायी याच्यावानी.”

भाच्याने गाठ बोटांनी चाचपली. ती मध्ये कुठेच टोचत नव्हती. तिचा पीळ तंगुसाच्या नेहमीच्या गाठीचा नव्हता. विणीच्या दोरीचे तंतू निसरडे असतात, साध्या गाठीतून ती सरकून जाते.

“हे गाठ शिकवा,” तो म्हणाला.

“आत्ता?”

“आत्ताच.”

म्हातारा बांधावर खाली बसला. शेतकऱ्याच्या पोराने बादली सावलीत ठेवली, तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि तोही येऊन बसला, जरा उशिराच.